कॅम्पसवर इमर्जन्सीची जबाबदारी आली तर
आधी इमर्जन्सी प्लॅनची फाईल बाजूला ठेवा आणि रात्री ११ ला हॉस्टेलला चक्कर मारा, मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप असतं आणि चावी कुणाकडे ते वॉचमनलाही माहीत नसतं, हे आधी सोडवा. १०१ (फायर ब्रिगेड), १०८ (अॅम्ब्युलन्स), ११२ (कुठलीही इमर्जन्सी) हे नंबर प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरात लावा. आग लागली तर लिफ्ट बंद, सगळे मैदानात, हजेरी मजल्यानुसार. केमिस्ट्री लॅबमध्ये कुठली केमिकल्स आहेत त्याची यादी गेटवरपण ठेवा, फायर ब्रिगेडवाले तेच पहिलं विचारतात. निर्णय कोण घेणार ते एकच नाव ठरवा, तो रजेवर असेल तर दुसरं, नाहीतर कुलगुरूंच्या फोनची वाट बघत बसाल. मॉक ड्रिल न सांगता घ्या, पोरं शिव्या घालतील, घालू द्या.