ऑक्साइडच्या पातळ थरांत चुंबकत्व सापडलं? आधी चिमटा बघा

दर काही महिन्यांनी कुणीतरी आलेख घेऊन येतो: लॅन्थनम ॲल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट या दोन ऑक्साइडांच्या सीमेवर खोलीच्या तापमानाला फेरोचुंबकत्व, म्हणजे लोखंडासारखं टिकून राहणारं चुंबकत्व! माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. नमुना कशाने उचललास?

हे मी स्वतः भोगलंय. सुंदर हिस्टेरिसिस लूप (चुंबकी क्षेत्र वर-खाली नेताना मिळणारा बंद वक्र, फेरोचुंबकत्वाची खूण) मिळालं, आम्ही तीन आठवडे लेख लिहीत बसलो. मग सहज म्हणून कोरा सबस्ट्रेट (ज्यावर थर वाढवतात तो टायटनेटचा स्फटिक, पण थराविना) त्याच स्टीलच्या चिमट्याने उचलून मोजला. तेच लूप! हिशोब आधीच करायला हवा होता. ५ मिलिमीटर बाजूच्या नमुन्यात दर एकक पेशीला (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत छोटा तुकडा) एक बोर मॅग्नेटॉन (साधारण एका इलेक्ट्रॉनएवढं चुंबकत्व) धरला, तरी एका थराचा सिग्नल जेमतेम १.५ × १०⁻⁶ ईएमयू (चुंबकत्व मोजायचं एकक) भरतो. तेवढ्याला सुमारे ७ नॅनोग्रॅम लोखंड पुरतं, आणि चिमटा कडेला त्याहून जास्त घासून जातो. तेव्हापासून माझ्याकडे फक्त प्लास्टिकचे चिमटे, आणि प्रत्येक बॅचमधला एक कोरा सबस्ट्रेट अगदी तशाच प्रवासातून जातो: तेच तापवणं, तोच ऑक्सिजन, तोच होल्डर. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांना नंतर लेख मागे घ्यायला वेळ मिळतो, याची गंमत वाटते.

दुसरी चूक ऑक्सिजनची. ओटोमो आणि ह्वांग यांनी २००४ मध्ये दाखवलं की हे दोन्ही ऑक्साइड विद्युतरोधक असूनही त्यांची सीमा वीज वाहून नेते. पण कमी दाबाखाली थर वाढवला की टायटनेटमधून ऑक्सिजन निघून जातो आणि अख्खा स्फटिकच वाहक होतो. आदर्श हिशोबाने दर चौरस सेंटिमीटरला ३.३ × १०¹⁴ इलेक्ट्रॉन यावेत. हॉल मापनात (चुंबकी क्षेत्रात वाहक इलेक्ट्रॉन मोजायची पद्धत) १०¹⁶ दिसले, तर तुम्ही सीमा नाही, स्फटिक मोजताय. मी तीन एकक पेशी जाडीचा एक थर मुद्दाम वाढवतो. वाहकता साधारण चार पेशींपासून सुरू होते, त्यामुळे तीनवर वीज वाहिली की ऑक्सिजनमध्ये तापवायचं काम पुन्हा पहिल्यापासून.

बाकीचं थोडक्यात. उजेडात ठेवलेला नमुना लगेच मोजू नका, टायटनेटची प्रकाशवाहकता तासन्तास रेंगाळते. मी रात्रभर अंधारात ठेवतो. चुंबकत्वाच्या आलेखात ५० केल्व्हिनच्या आसपास उंचवटा दिसला तर आधी गोठलेल्या ऑक्सिजनवर संशय घ्या. आणि सरकलेलं लूप म्हणजे एक्स्चेंज बायस (शेजारच्या चुंबकी थरामुळे लूप एका बाजूला सरकणं) असं जाहीर करण्याआधी चुंबकी क्षेत्र वाढवून बघा. नमुना संपृक्तच (पूर्ण चुंबकित) झाला नसेल, तर अर्धवट लूप सरकलेलंच दिसणार.