जीएचा पीपीएम कसा काढायचा: घड बुडवण्याआधीचा हिशेब

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत जीए (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाला देतात ते वाढीचं संजीवक) कालवायचं काम माझ्याकडे असतं. हाताखाली नवीन आलेल्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते: पाणी किती ओतलंस ते नंतर, बादलीत जीए किती मिलिग्रॅम आहे ते आधी सांग. पाणी वाढवलं की पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग, म्हणजे द्रावणाची तीव्रता) उतरतो, पण मिलिग्रॅम तेवढेच राहतात. सगळा हिशेब यावरच चालतो.

1 लिटर द्रावणात 1 मिलिग्रॅम म्हणजे 1 पीपीएम. म्हणून 100 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम. एवढं तोंडपाठ हवंच.

आता पुडी वाचा. तिच्यावर 90 टक्के लिहिलं असेल, तर 1 ग्रॅम पावडरीत जीए 900 मिलिग्रॅमच असतो. पूर्ण 1 ग्रॅम हवा तर 1 भागिले 0.90, म्हणजे 1.11 ग्रॅम पावडर घ्या. यासाठी सोनाराकडे असतो तसा बारीक काटा लागतो, चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका. ही पावडर थेट पाण्यात सहज विरघळत नाही. थोड्या अल्कोहोलमध्ये ती आधी पूर्ण विरघळवा (जवळपास विडी-काडी नको), मग पाणी घालून बरोबर 1 लिटर करा. हे 1000 पीपीएमचं मूळ द्रावण झालं.

घड बुडवायला 40 पीपीएमची 10 लिटरची बादली हवी आहे असं धरा. हवा असलेला पीपीएम गुणिले एकूण लिटर, भागिले मूळ द्रावणाचा पीपीएम: 40 × 10 ÷ 1000 = 0.4 लिटर, म्हणजे 400 मिली. इथे हमखास गफलत होते. 10 लिटर पाणी भरून त्यात 400 मिली ओतलं, की एकूण 10.4 लिटर होतं आणि पीपीएम 400 ÷ 10.4, म्हणजे साधारण 38.5 वर येतो. म्हणून अर्धी बादली पाणी, मग मूळ द्रावण, मग 10 लिटरच्या खुणेपर्यंत पाणी, असाच क्रम ठेवा.

टोळीचं काम आटोपलं आणि 40 पीपीएमचं 6 लिटर उरलं. शेजारच्या प्लॉटला 30 हवं आहे. उरलेल्यात 40 × 6 = 240 मिलिग्रॅम आहेत. 240 ÷ 30 = 8 लिटर. म्हणजे 2 लिटर पाणी घाला, पण त्याच दिवशी वापरा. कुणी आधीच 4 लिटर ओतून बसलं असेल, तर 240 ÷ 10 = 24 पीपीएम.

फवारणीच्या 200 लिटरच्या टाकीला 10 पीपीएमसाठी हेच मूळ द्रावण 2 लिटर लागेल.

कोणत्या अवस्थेत किती पीपीएम द्यायचा, हे जात आणि मण्याचा आकार बघून सल्लागाराला किंवा पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला विचारा. आकडा मिळाला की मिलिग्रॅम काढा आणि बादलीवर पीपीएम, लिटर आणि वेळ खडूने लिहून ठेवा.