जट धुतली की मुळापर्यंत वाळवा

जट धुणं सोपं, वाळवणं अवघड. वरून हाताला कोरडी लागली तरी आत ओल राहते; मग कुबट वास येतो, टाळू खाजते. म्हणून पावसाळ्यात उघडीप पाहून सकाळीच डोकं धुवा. शिकेकाई-रिठा उकळून, फडक्यातून गाळूनच घ्या, कारण भुकटीचे कण जटेत अडकले की निघत नाहीत. भरपूर पाण्यानं धुवा, सुती लुगड्याच्या तुकड्यात दाबून पाणी काढा (पिळू नका, मुळं ओढली जातात) आणि पूर्ण वाळेपर्यंत अंबाडा बांधू नका. तेल बोटानं फक्त टाळूला, तेही थोडंच. वावरात निंदायला जाताना डोक्याला रुमाल बांधा, काडीकचरा आत शिरत नाही.

उवांसाठी रॉकेल लावू नका, चुलीजवळ जिवावर बेतेल. पू, जखम किंवा मानदुखी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आणि मावशी, जट म्हणजे गुंतलेले केसच. काढायची असेल तर बिनधास्त काढा, कात्रीनं कापताना दुखत नाही, देवीचा कोप होत नाही. घरच्यांनी मात्र जट असलेल्या बाईला विचारल्याशिवाय कात्री लावू नये.