‘टेक्सास फ्लड’सोबत गिटार वाजवताय? या चुका टाळा

अमेरिकी ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा ‘टेक्सास फ्लड’ हा पहिला अल्बम 1983 मध्ये आला. गायक जॅक्सन ब्राउनने लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट वापरायला दिला आणि 1982 च्या नोव्हेंबरात अवघ्या तीन दिवसांत काम झालं. वॉनची गिटार आणि गळा, टॉमी शॅननचा बास, ख्रिस लेटनचे ड्रम्स, बस्स. ऐकताना हात शिवशिवतात, पण गिटार हातात घेतली की पहिल्याच सुराला खटकतं.

ट्यूनर सगळं बरोबर दाखवतो, तरी रेकॉर्डशी जुळत नाही, कारण वॉन सहाही तारा अर्धा सूर उतरवून लावायचा. पेटीच्या भाषेत, जाड तार पांढरी तीनऐवजी काळी दोनला. टॅबमध्ये, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिपीत, मात्र सुरांची नेहमीचीच नावं लिहिलेली असतात. सहाही तारा उतरवा. स्ट्रॅटसारख्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) स्प्रिंगवाल्या इलेक्ट्रिक गिटारवर एक तार सैल केली की बाकीच्या चढतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात.

दुसरी चूक हाताला महागात पडते. वॉनची पहिली तार .013 इंच जाडीची असायची, म्हणून नवशिकेही तेच सेट आणतात. बोटं सोलली की तो सुपरग्लू लावून वाजवायचा. कृपा करून हे करू नका. उतरवलेल्या सुरात .010 किंवा .011 च्या तारा पुरतात. तार ओढताना तिसऱ्या बोटामागे पहिली दोन बोटं टेकवा, आणि मनगट दुखलं तर थांबा.

याच अल्बममधल्या ‘प्राइड अँड जॉय’मध्ये बहुतेकांची गाडी अडते, आणि दोष डाव्या हाताला दिला जातो. खरी अडचण उजव्या हाताची असते. हा शफल, म्हणजे झुलता ठेका, आहे: एका मात्रेचे तीन भाग, पहिला आणि तिसरा वाजतो, मधला रिकामा. मात्रेवर खाली जाताना जाड तारांवर बासची चाल, तिसऱ्या भागावर वर येताना बारीक तारांचा झटका. मधली जागा आखडली की सरळ ठेका होतो आणि झुलणं संपतं. सगळ्या तारा डाव्या हाताने दाबून नुसती खटखट करा, टाळी-पाऊल लावून, निम्म्या लयीत. कंटाळवाणं आहे, पण माझ्याकडे शिकणाऱ्या ज्यांनी दोन आठवडे हे केलं, त्यांना पुढे सूर घालणं सोपं गेलं.

आवाज कर्कश, गिचमीड येतो? गेन, म्हणजे आवाज फाटण्याचं प्रमाण, खूप आहे. वॉन ट्यूब स्क्रीमर हे आवाज फाडणारं पेडल वापरायचा, पण जोर मोठ्याने लावलेल्या अँपचा आणि बोटांचा होता. पेडलवर ड्राइव्ह (फाटणं) कमी, लेव्हल (आवाजाची पातळी) जास्त ठेवून पाहा.

आणि शीर्षकगीतात मोकळी जागा दिसली की ती भरून टाकण्याची घाई. हे गाणं मूळ लॅरी डेव्हिसचं, 1958 चं. त्यात गिटार फेंटन रॉबिन्सनची आहे. ते आधी ऐका. गळ्याने सवाल करायचा, गिटारने जवाब द्यायचा, हीच त्याची बांधणी. वॉन कितीही वेगाने वाजवू शकत असला, तरी ओळ गाताना त्याची गिटार मागे सरते. म्हणून सोलो पाठ करण्याआधी ओळी स्वतः गुणगुणा, आणि ओळ संपेपर्यंत तारेला हात लावू नका.