सरांची स्मृतिपुस्तिका कशी तयार करावी

आवडते प्राध्यापक गेले की पहिल्या दोन दिवसांत माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट श्रद्धांजलीच्या संदेशांनी भरून जातो, पुढे शोकसभा होते, आणि त्या सभेत कोणीतरी उठून सरांच्या आठवणींचे पुस्तक काढले पाहिजे असे म्हणतो. सगळ्यांच्या माना डोलतात. बहुतेक पुस्तके त्या डोललेल्या मानांपाशीच संपतात. जी निघतात, त्यांतली बरीचशी ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’ आणि ‘ज्ञानाचा अथांग सागर’ अशा शब्दांनी इतकी भरलेली असतात की मुखपृष्ठावरचे नाव बदलले तर ती दुसऱ्या कोणाही प्राध्यापकाच्या पुण्यतिथीला वाटता येतील. म्हणून हे काम हाती घेणाऱ्यांनी आरंभीच ठरवून टाकावे की सर किती थोर होते हे आपण सांगणार नसून ते काय शिकवीत आणि कसे शिकवीत, याची नोंद करणार आहोत.

त्यासाठी सर्वांत आधी वह्या गोळा कराव्यात. आठवणी वर्षभराने मागितल्या तरी मिळतात. वह्या मात्र घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. जिनिव्हा विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक फर्दिनां द सोस्यूर १९१३ मध्ये वारले, तेव्हा १९०७ ते १९११ या काळात त्यांनी तीन वेळा शिकवलेल्या अभ्यासक्रमाची नीट टिपणे त्यांच्या टेबलाच्या खणात सापडली नाहीत. शार्ल बाली आणि अल्बेर सेशये या त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या जमवल्या आणि १९१६ मध्ये त्यांवरून एक ग्रंथ सिद्ध केला. विसाव्या शतकातील भाषाविचाराला वळण देणारा ग्रंथ तो हाच. गंमत अशी की हे दोघे त्या तासांना स्वतः बसलेले नव्हते. पुढे मूळ वह्या ताडून पाहिल्यावर लक्षात आले की ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध झालेले शेवटचे वाक्य सोस्यूर यांचे नसून संपादकांचे होते. आपली पुस्तिका तीस-चाळीस पानांची असली तरी यातला धडा घ्यावा: सरांचे वाक्य, विद्यार्थ्याने टिपलेले वाक्य आणि संपादकाने जोडलेले वाक्य ही तीनही वेगवेगळी दिसतील अशीच छापावीत.

वही हातात आली की तिच्यावर काही लिहू नये. आतली पाने मोबाइलने सरळ वरून, दिवसाच्या उजेडात टिपावीत आणि प्रत्येक फाइलला वहीच्या मालकाचे नाव, वर्ग व शैक्षणिक वर्ष द्यावे. जुन्या कागदांना लावलेल्या टाचण्या गंजून डाग पाडतात, म्हणून त्या अलगद काढाव्यात. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि छायाचित्रे लॅमिनेट करण्याचा मोह तर अजिबात धरू नये. छायाचित्रामागे नावे लिहायची झाल्यास मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहावीत.

आठवणी मागवताना ‘सरांविषयी दोन शब्द लिहा’ असे म्हटले की लोक खरोखर दोनच शब्द लिहितात, आणि ते दोन्ही विशेषणे असतात. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत. सर वर्गात आल्यावर पहिल्यांदा काय करीत? फळ्यावर कोठून लिहायला सुरुवात करीत? तुमचे उत्तर चुकले तेव्हा काय म्हणाले? कोणता धडा ते दरवर्षी घाईने उरकत? ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांना फोन करावा, परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि नंतर ते त्यांच्याच बोलीत उतरवून काढावे. कॉलेजातील शिपाई, ग्रंथालयातील कर्मचारी आणि उपाहारगृह चालवणारे यांना विसरू नये. त्यांना दिसलेले सर आपल्याला कधीच दिसलेले नसतात.

आमचे सर मराठी व्याकरण शिकवीत. समास शिकवताना ते विग्रह फळ्यावर लिहून देत नसत; एखाद्याला उभे करून त्याच्याच आडनावाचा विग्रह करायला लावीत. देशपांडे सुटत, कारण तत्पुरुष सगळ्यांनाच येई. पण सातपुते उठला की ‘सात पुत्रांचा समूह’ म्हणून द्विगू की ‘सात पुत्र आहेत ज्याला तो’ म्हणून बहुव्रीही, यावर उरलेला तास निघून जाई, आणि घंटा झाल्यावर सर डस्टर टेबलावर आपटून म्हणत, “उद्या वडिलांना विचारून ये.” हा प्रसंग आम्हाला अकरा जणांनी लिहून पाठवला. त्यांतले सात जण सातपुते म्हणत होते, चौघे अष्टपुत्रे. शेवटचे वाक्य मात्र अकराही पत्रांत शब्दशः सारखे होते. आधी आम्हाला वाटले की चौघांची स्मृती दगा देत आहे. नंतर तुकडी विचारल्यावर कळले की अष्टपुत्रे पुढच्या वर्षीचा, म्हणजे सरांनी तोच विनोद नव्या मुलावर नव्याने केला होता. म्हणून तपशील जुळत नसतील तर बहुमताने निकाल देऊ नये. आधी प्रत्येकाचे वर्ष विचारावे, आणि तरीही मेळ बसला नाही तर दोन्ही पाठ नावानिशी छापावेत.

तारखांच्या बाबतीत मात्र अशी सवलत नाही. नेमणूक, बढती आणि निवृत्ती यांच्या तारखा सेवापुस्तिकेवरून किंवा कॉलेजच्या जुन्या वार्षिकांकांवरून पडताळाव्यात. जन्मतारीख १ जून अशी आढळली तर घरी अवश्य विचारावे. एका पिढीतील कितीतरी जणांची ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलेली आहे.

घरी जाणे हा यातला सर्वांत अवघड भाग, आणि येथे आमच्याकडून मोठी चूक झाली. काकूंना इतक्या लवकर पुस्तकांविषयी विचारणे बरे दिसणार नाही, या संकोचात आठ महिने गेले. तोवर त्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि सरांची पुस्तके किलोच्या भावाने गेली होती, पानांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या टिपांसकट. काकू एवढेच म्हणाल्या, “तुमच्यापैकी कोणी येईल म्हणून दोन महिने ठेवली होती.” रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह हयातीतच, त्यांच्या नावाने पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या संस्थेकडे सोपवला; अशी आधीच लावलेली व्यवस्था फार थोड्यांच्या वाट्याला येते. तेव्हा महिनाभरात दोघांनी जावे, आधी नुसते बसावे, मग स्पष्टपणे विचारावे. परवानगी मिळाली तर एकही पुस्तक हलवण्यापूर्वी प्रत्येक फळीचे छायाचित्र घ्यावे, कारण कोणत्या पुस्तकाशेजारी कोणते होते यावरूनही सर काय वाचत होते ते उमगते.

परवानगी लेखी घ्यावी, हेही येथेच सांगून ठेवतो. सरांचे पत्र तुमच्या कपाटात असले तरी तुमचा असतो तो कागद. मजकुराचा हक्क त्यांच्या वारसांकडे जातो आणि भारतीय कायद्यानुसार मृत्यूनंतर निदान ६० वर्षे टिकतो. अप्रकाशित लेखांना आणि व्याख्यानांनाही हेच लागू आहे. व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे कोणाकडे असतील तर त्यांचे मोल पत्रांहून कमी समजू नये. विचारवंत व वक्ते नरहर कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजी वयाची पन्नाशी गाठण्यापूर्वीच गेले, आणि त्यांची विखुरलेली व्याख्याने व लेख एकत्र करून पुढे कितीतरी पुस्तके निघाली.

संपादन करताना सरांचा राग, हट्ट आणि पक्षपात काढून टाकू नयेत. कोणाची नाचक्की होईल असे तेवढे गाळावे. पुरस्कार किंवा स्मृतिव्याख्यान सुरू करण्याची सूचना हमखास येते. ती वाईट नाही, पण आधी हिशोब मांडावा: ५०,००० रुपयांच्या ठेवीवर ६ टक्क्यांनी वर्षाला ३,००० रुपये मिळतात, आणि तेवढ्यात वक्त्याचा प्रवासखर्चही भागत नाही. गोव्यात गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावाचा विचारमहोत्सव त्यांच्या जन्मशताब्दीपासून होत आला आहे, परंतु त्यामागे राज्य शासन उभे आहे.

छपाईपूर्वी पूर्ण मजकूर कुटुंबीयांना वाचायला द्यावा. प्रती कॉलेजच्या आणि गावातल्या ग्रंथालयांत द्याव्यात, शक्य झाल्यास १८९८ पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातही एक पोहोचवावी. वह्या ज्याच्या त्याला पोच घेऊन परत कराव्यात. आमच्याकडे अजून एक उरली आहे. तिच्या पहिल्या पानावर नाव नाही, वर्ष नाही. समासाच्या पानावर ‘अष्टपुत्रे’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले आहे, आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, घरी विचारून आल्यासारखे, ‘बहुव्रीही’.