एनएफएल ड्राफ्टच्या आधी संघाची खरी गरज कशी ओळखाल?

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी होतो आणि त्याआधीचे दोन महिने प्रत्येक चाहता आपापल्या संघाचा जनरल मॅनेजर झालेला असतो. आपल्याला रिसीव्हरच (पास झेलणारा) हवा, असं एक म्हणतो; आधी लाइन (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी) नीट करा, असं दुसरा. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा: इथे बोली नसते. ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात. आदल्या मोसमात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याचा नंबर आधी, सुपर बोल हा अंतिम सामना जिंकणाऱ्याचा शेवटी. नंबर वर न्यायचा तर दुसऱ्या संघाशी अदलाबदल करावी लागते आणि ती महागात पडते. म्हणून कोणती जागा भरायची हे आधीच ठरलेलं बरं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. सर्वांत कमकुवत जागा ड्राफ्टमध्येच भरली पाहिजे असं अजिबात नाही. बऱ्याचदा ती मार्चमध्ये, करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारातून भरायची असते.

१. संघ कशामुळे हरला ते शोधा

हरलेले सामने पुन्हा पाहा. आकडे उपयोगी पडतात, पण ते लक्षण दाखवतात, कारण नाही. शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स याला २०२४ च्या मोसमात ६८ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडलं गेलं. दोष लाइनचा, हे उत्तर सोपं. पण त्यातल्या काही सॅक त्याने चेंडू फार वेळ हातात धरल्यामुळेही झाल्या. सॅक दिसली की स्वतःला तीन प्रश्न विचारा. लाइन लगेच फुटली का? रिसीव्हर मोकळाच झाला नाही का? की क्वार्टरबॅकनेच वेळ घालवला? तिन्हींचे उपाय वेगळे. तिसऱ्यावर तर ड्राफ्टमध्ये उपायच नाही. तिथे प्रशिक्षक लागतो.

दुखापतींचाही हिशेब ठेवा. चांगला खेळाडू आठ सामने बाहेर होता म्हणून जागा रिकामी दिसत असेल, तर तिथे पहिल्या फेरीची निवड खर्च करू नका.

२. वय आणि करार लिहून काढा

कागदावर २२ जागा मांडा, ११ आक्रमणाच्या, ११ बचावाच्या. प्रत्येक नावापुढे वय आणि करार संपण्याचं वर्ष लिहा. आजची पोकळी सगळ्यांनाच दिसते. दोन वर्षांनी पडणारी पोकळी या कागदावर दिसते. २०२० मध्ये ग्रीन बे पॅकर्सने २६ व्या क्रमांकावर जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला, तेव्हा चाहते संतापले. संघात ॲरन रॉजर्स होता आणि हवा होता रिसीव्हर. रॉजर्स तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्यानंतर तो लागोपाठ दोनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्यामुळे ती निवड आणखीच मूर्खपणाची वाटली. २०२३ मध्ये रॉजर्स दुसऱ्या संघात गेला आणि पहिल्याच मोसमात लव्हने संघाला प्लेऑफमध्ये नेलं.

३. जागेची किंमत पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सॅलरी कॅपमुळे सर्व संघांना पगारावर सारखीच मर्यादा असते, २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलर होती. आणि २०११ पासून नवख्या खेळाडूंचे पगार निवडीच्या क्रमांकाप्रमाणे जवळपास ठरलेले आहेत. २०१० मध्ये पहिला निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला तब्बल पाच कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनचा पूर्ण चार वर्षांचा करार सुमारे २.२ कोटींचा होता.

याचा अर्थ असा की क्वार्टरबॅक, एज रशर (क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा बचावपटू), लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा), अव्वल रिसीव्हर, कॉर्नरबॅक (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) हे बाजारात भयंकर महाग असलेले खेळाडू ड्राफ्टमध्ये चार वर्षं स्वस्तात मिळतात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी तर संघाला पाचव्या वर्षाचाही पर्याय असतो. गार्ड (लाइनमध्ये टॅकलच्या आतल्या बाजूचा), रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) किंवा सेफ्टी (बचावात सर्वांत मागे उभा राहणारा) तुलनेने कमी पैशांत बाजारातून आणता येतात. त्यामुळे संघाचा गार्ड वाईट आणि कॉर्नरबॅक मध्यम असेल, तर गार्ड विकत घ्या आणि पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक शोधा.

सिनसिनाटी बेंगल्सचं २०२१ चं उदाहरण अजून वादाचं आहे. आदल्या वर्षी क्वार्टरबॅक जो बरोचा गुडघा लाइनच्या मागेच मोडला होता. हातात पाचवी निवड. पेनेई सूएल हा टॅकल घ्यायचा की बरोचा कॉलेजचा जोडीदार, रिसीव्हर जमार चेस? संघाने चेस घेतला. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला आणि पुढे लीगच्या सर्वोत्तम टॅकलपैकी एक झाला. चेसने पहिल्याच मोसमात १,४५५ यार्ड मिळवले आणि बेंगल्स थेट सुपर बोलमध्ये पोहोचले. वाटेत टेनेसीविरुद्ध बरोला नऊ सॅक बसल्या, तरी सामना जिंकला. अंतिम सामन्यात सात बसल्या आणि रॅम्सने २३–२० अशी बाजी मारली. बेंगल्सच्या शेवटच्या प्रयत्नातही रॅम्सचा बचावपटू ॲरन डॉनल्ड बरोच्या अंगावर होता.

मग निर्णय चुकला का? मला नाही वाटत. त्यानंतरच्या मार्चमध्ये बेंगल्सने लाइनचे तीन अनुभवी खेळाडू बाजारातून आणले. चेससारखा रिसीव्हर बाजारात आणायला गेलं असतं तर मिळाला नसता. पण बरोच्या बरगड्यांना विचारलं तर उत्तर वेगळं येईल.

४. मार्चमधला बाजार आधी वापरा

फ्री एजन्सी, म्हणजेच हा बाजार, मार्चच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे ड्राफ्टच्या जवळपास दीड महिना आधी. हा क्रम सगळ्यात नेटका जमला तो कॅन्सस सिटी चीफ्सला. फेब्रुवारी २०२१ मधल्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतींमुळे बाहेर होते. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स सामनाभर पळत राहिला आणि टॅम्पा बेने ३१–९ असं धुतलं. चीफ्सने ते दोन्ही टॅकल सोडले, गार्ड जो थूनीला करारबद्ध केलं आणि ड्राफ्टला सहा दिवस उरले असताना पहिल्या फेरीची निवड बाल्टिमोरला देऊन ऑर्लँडो ब्राउन हा टॅकल घेतला. मग घाई उरली नाही. दुसऱ्या फेरीत सेंटर (लाइनच्या मधोमध खेळणारा) क्रीड हम्फ्री मिळाला, सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ, आणि दोघेही पहिल्या सामन्यापासून खेळले. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाविरुद्धच्या सुपर बोलमध्ये माहोम्सला एकही सॅक बसली नाही. त्या मोसमात फिलाडेल्फियाने ७० सॅक केल्या होत्या.

मार्च संपल्यावर एकच कसोटी लावा: आज ड्राफ्ट रद्द झाला, तर पहिल्या सामन्यात या जागेवर कोण उभा राहील? ठीकठाक नाव सुचलं तर ती गरज थांबू शकते. कोणीच सुचलं नाही तर ती जागा वर ठेवा.

५. त्या वर्षीचं पीक आणि तुमचा नंबर

गरज टॅकलची आणि त्या वर्षी टॅकल भरपूर असतील, तर दुसऱ्या फेरीपर्यंत थांबा. दोनच चांगले असतील, तर थांबणं परवडणार नाही. तुमच्या आधी निवडणाऱ्यांच्या गरजाही लिहून ठेवा.

२०२४ मध्ये पहिल्या १४ निवडी आक्रमणाच्या खेळाडूंच्या झाल्या, असं आधी कधीच घडलं नव्हतं. फिलाडेल्फियाचा नंबर २२ वा. त्यांचे मुख्य कॉर्नरबॅक डॅरियस स्ले आणि जेम्स ब्रॅडबेरी दोघेही तिशी ओलांडलेले, आणि आदल्या मोसमात दहा विजय, एक पराभव अशा स्थितीवरून संघ कोसळला होता तो बचावाची मागची फळी उघडी पडल्यामुळेच, निदान बऱ्याच अंशी. सगळे क्वार्टरबॅक आणि टॅकल घेण्यात गुंतल्यामुळे त्या वर्षीचा एकही कॉर्नरबॅक तोवर गेला नव्हता. क्विन्यॉन मिचेल २२ व्या क्रमांकावर आयता मिळाला. तिथे न थांबता फिलाडेल्फियाने दुसऱ्या फेरीत अदलाबदल करून ४० वा क्रमांक मिळवला आणि कूपर डीजीनही घेतला. मोसमाच्या शेवटी सुपर बोलमध्ये डीजीनने माहोम्सचा पास अडवून थेट टचडाउन केला, आणि फिलाडेल्फिया ४०–२२ ने जिंकला.