प्रेशर-साइड पूल क्लीनरचा वेग आणि चाल कशी जुळवावी

अमेरिकेत टेक्सास, ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियात घर घेतले की परसातल्या तरणतलावाबरोबर आधीच्या मालकाचा चाकांवर फिरणारा क्लीनरही अनेकदा पदरात पडतो. येथे पोलारिस २८० हे सर्वत्र दिसणारे मॉडेल धरून माहिती दिली आहे.

हे यंत्र वेगळ्या बूस्टर (दाब वाढवणाऱ्या) पंपाने होजमधून, म्हणजे लवचीक नळीतून, सोडलेल्या पाण्याच्या दाबावर चालते; म्हणूनच त्याला प्रेशर-साइड म्हणतात. त्याच पाण्याने चाके फिरतात, कचरा वरच्या पिशवीत चढतो आणि मागची लवचीक शेपटी तळावरची बारीक माती उडवते. त्यामुळे क्लीनर कोपऱ्यात अडकत असो, पृष्ठभागाशी घुटमळत असो किंवा रेंगाळत असो, आधी चाकांचा वेग मोजावा; तो ठीक नसताना बाकीचे स्क्रू पिळत बसणे व्यर्थ आहे.

एका चाकाच्या टायरवर ठळक खूण करावी, क्लीनर पाण्याच्या पृष्ठभागाखाली धरून मुख्य फिल्टर पंप आणि बूस्टर हे दोन्ही पंप चालू ठेवावेत आणि घड्याळ लावून ती खूण मिनिटात किती वेळा वर येते ते मोजावे. हा आकडा २८ ते ३२ असावा. होजमधला बॅकअप व्हॉल्व्ह दर काही मिनिटांनी दाब स्वतःकडे वळवून क्लीनरला मागे खेचतो, तेव्हा चाके मंदावतात. मोजणी मध्येच तशी विस्कटली, तर व्हॉल्व्हचा फवारा थांबल्यावर नव्याने मोजावे.

फेरे ३२ पेक्षा जास्त भरल्यास तलावाच्या भिंतीवरच्या होजच्या जोडणीजवळील प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह थोडा सैल करावा, म्हणजे जास्तीचे पाणी तेथूनच तलावात परत जाते. जादा वेगाने सफाई सुधारत नाही, उलट चाकांची पकड सुटते आणि झीज वाढते. फेरे कमी असतील, तर हाच व्हॉल्व्ह घट्ट आहे ना, हे पाहावे आणि मग जोडणीतली बारीक जाळी काढून धुवावी. कित्येकदा दोष केवळ तेथे अडकलेल्या वाळूचा असतो. तरीही वेग वाढला नाही, तर होजच्या सांध्यांतून किंवा बॅकअप व्हॉल्व्ह बंद असायला हवा त्या वेळी त्यातून पाणी गळते का, हे तपासावे.

वेग जमल्यावर चालीकडे वळावे. मागच्या थ्रस्ट जेटचे (पाण्याचा झोत सोडणाऱ्या तोटीचे) तोंड किंचित वर केल्यास पाण्याच्या प्रतिक्रियेने क्लीनरचा मागचा भाग खाली दाबला जातो. दिशा अगदी थोडी बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर यंत्राला तलावात मोकळे फिरू द्यावे, कारण घाईने काढलेला निष्कर्ष हमखास फसतो. शेपटी पाण्याबाहेर उसळून काठावर फवारे उडवत असेल, तर तिच्या मुळाशी असलेला स्क्रू आवळून प्रवाह कमी करावा. होज ताणून सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचावा इतकाच लांब ठेवावा; जास्त लांबी वेटोळे घालते आणि क्लीनर एकाच भागात फिरत राहतो. वेटोळे पडलेला होज उन्हात सरळ पसरून ठेवल्यास बराचसा सुधारतो.

बूस्टर पंपाला पाणी मुख्य फिल्टर पंपाकडूनच मिळते, म्हणून टायमर लावताना बूस्टर फिल्टर पंपानंतर किमान अर्ध्या तासाने सुरू होईल आणि त्याच्या आधी बंद होईल, अशी वेळ ठेवावी. पिशवी रिकामी करताना किंवा होज सोडवताना बूस्टर बंदच असावा.